रोज चालायचं, तेही वर्षभर: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

गुढीपाडव्याला किंवा १ जानेवारीला बागेतल्या ट्रॅकवर नवे बूट दिसतात. महिनाभरात पुन्हा जुनेच चेहरे उरतात. जे गळतात त्यांची गोष्ट बहुतेक सारखीच असते. पहिल्याच रविवारी पाच किलोमीटर, बुधवारपर्यंत टाच धरलेली, शनिवारी कुणाचं तरी लग्न आणि सोमवारपासून ‘आता पुढच्या एक तारखेला’. इच्छा कमी पडली असं यात फारसं नसतं. वेळ, बूट, पाऊस, पाहुणे, दुखणं या नेहमीच्या अडचणींचा विचार आधी झालेला नसतो, एवढंच.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांचा दिवस बहुतांशी बसून जातो आणि ज्यांना रोज साधारण ३० मिनिटं चालण्यापर्यंत पोचून तिन्ही ऋतूंत तिथे टिकायचं आहे.

आधी आकड्याचा घोळ मिटवू. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. रोज ३० मिनिटं धरली तर आठवड्याची २१० होतात. म्हणजे दोन दिवस बुडाले तरी १५० भरतातच. ही दोन दिवसांची सूट हिशोबात आधीच धरलेली आहे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

काय काय लागेल

- चालण्याचे बूट एक जोड, शक्यतो दोन. पावसाळ्यासाठी मागून पट्टा असलेली सँडल
- मोज्यांचे तीन जोड
- भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्याच्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं पेन
- खिशात एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, घरच्या दोघांचे नंबर, चालू गोळ्या. फोन लॉक असला तरी चिठ्ठी वाचता येते
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर किंवा ग्लुकोजची पुडी
- अंधारात चालणार असाल तर फिका शर्ट आणि छोटी टॉर्च
- विद्यापीठाचं आवार, वनउद्यान किंवा क्लबचं मैदान निवडलंत तर तिथला पास. त्यासाठी सहसा ओळखपत्राची प्रत आणि फोटो मागतात. नियम आणि वेळा फाटकावरच विचारून घ्या

स्मार्ट घड्याळ या यादीत मुद्दाम नाही. असेल तर वापरा, पण त्याच्यासाठी थांबू नका.

१. डॉक्टरांना विचारायचं का?

तब्येत बरी असेल आणि रोजची कामं दम न लागता होत असतील, तर दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालायला परवानगी लागत नाही. मात्र हृदयविकार, छातीत दुखण्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, पायांच्या संवेदना कमी झालेला मधुमेह किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर आधी भेटा. जाताना नेमका प्रश्न घेऊन जा: ‘सपाट रस्त्यावर १० मिनिटांपासून सुरू करून दोन महिन्यांत ३० पर्यंत नेणार आहे, चालेल का?’ नुसतं ‘चालू का?’ विचारलं की ‘हो, चाला’ एवढंच उत्तर मिळतं.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळाच दम किंवा थंड घाम आला तर तिथेच बसा, कुणाला तरी हाक मारा आणि १०८ ला फोन करा. ‘ॲसिडिटी असेल, घरी जाऊन बघू’ म्हणत उरलेला रस्ता कापू नका.

२. घड्याळातली वेळ नको, आधीच्या कामाची गाठ हवी

‘सकाळी सहाला’ असं ठरवलं की पहिली अडचण सूर्यच काढतो. मुंबईत जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं आणि जानेवारीत सव्वासात होतात. नागपुरात उन्हाळ्यात साडेपाचलाच सूर्य वर, थंडीत सातला थोडा वेळ असतो तेव्हा. जूनमध्ये छान बसलेली सहाची वेळ डिसेंबरात काळोखात जाते आणि मग पांघरूण जिंकतं.

म्हणून चालणं एखाद्या रोजच्या, न चुकणाऱ्या कामाला बांधा. दूध आत घेतलं की, मुलाला स्कूलबसमध्ये बसवलं की, दुपारची भांडी आवरली की, ऑफिसातून आल्यावर बॅग ठेवली की. यातली गाठ मारण्याजोगी जागा ज्याची त्याची वेगळी:

घरचं सगळं बघणाऱ्या बाईची सकाळ डब्यांत जाते. तिला ‘पहाटे उठून चाल’ सांगणं म्हणजे तिच्या झोपेतून अर्धा तास कापणं. तिच्यासाठी मुलं शाळेत गेल्यावरची वेळ किंवा संध्याकाळच्या चहाआधीची वेळ जास्त टिकते. ‘दिवसभर पायावरच तर असते’ हे खरं असलं तरी ओट्यापाशी उभं राहण्यात सलग वेग नसतो. हा अर्धा तास त्या उभ्या राहण्याची भर नसून पाठ-कमरेला त्यातून मिळालेली सुटका असते.

लोकलने जाणाऱ्याला घरी परतल्यावर पुन्हा बाहेर पडणं जमत नाही. त्याने स्टेशन ते घर ही रिक्षा सोडावी. शेअर रिक्षाचं अंतर बहुधा दीड-दोन किलोमीटरच असतं. पाळीची नोकरी असेल तर वेळ पाळीप्रमाणे बदलेल, पण गाठ तीच ठेवा, उदाहरणार्थ ‘ड्युटीवरून आल्यावर, जेवणाआधी’. रात्रपाळी करून आल्यावर मात्र झोप आधी.

आणि एक गोष्ट. चहा घेऊन निघायचं की येऊन घ्यायचा, हे एकदाच ठरवून टाका. रोज सकाळी त्यावर विचार सुरू झाला की पेपर हातात येतो आणि तासभर जातो.

३. तळाचा आकडा ठरवा: दहा मिनिटं

सगळ्या लेखात एकच पायरी पाळायची म्हटलं, तर ही पाळा. तुमचं नेहमीचं उद्दिष्ट पुढे ३० मिनिटं होईल. पण त्याच्या खाली एक तळ हवा आणि तो इतका लहान हवा की तापाशिवाय कुठल्याही दिवशी जमेल. दहा मिनिटं म्हणजे घरापासून पाच मिनिटं जायचं आणि वळून परत यायचं. घरी पाहुणे असतील, गावाला लग्न असेल, परीक्षेचा आठवडा असेल, तर त्या दिवशी दहा मिनिटं, आणि तो दिवस पूर्ण धरायचा. अर्धा गुण द्यायचा नाही.

याला आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे सांगतात, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही.

व्यवहारात एवढाच नियम ठेवा: एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन चुकू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी काहीही करून तळाची दहा मिनिटं. काल राहिलेलं आज भरून काढायला साठ मिनिटं चालायचं नाही. पायाची दुखणी बहुतेक अशाच वसुलीतून येतात.

४. बूट

इथे घाई नको. नवख्यांचं चालणं पायाच्या दुखण्यामुळे थांबतं आणि त्यातलं निम्मं दुकानातच टाळता येतं.

संध्याकाळी खरेदी करा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगलेलं असतं. ज्या मोज्यांत चालणार तेच घालून जा. दोन्ही पायांत घालून उभं राहा. सगळ्यांत लांब बोट (अनेकांचं ते अंगठ्याशेजारचं असतं) आणि बुटाचं टोक यांत आडव्या अंगठ्याएवढी, म्हणजे एक ते सव्वा सेंटीमीटर जागा हवी. टाच मात्र चालताना वर-खाली घसरता कामा नये. बोटांपाशी ऐसपैस आणि टाचेपाशी घट्ट असा बूट शोधायचा आहे. ‘वापरून सैल होईल’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. दोन पायांच्या मापात फरक असेल तर मोठ्या पायाचं माप घ्या.

मग बूट हातात घेऊन टोक आणि टाच एकमेकांकडे दाबा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल किंवा ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर ठेवून द्या. चालण्यासाठी फार महागाचा बूट लागत नाही. पैसे उरवायचेच असतील तर रंग आणि नाव यांवर उरवा, मापावर नाही.

बुटाचं आयुष्य ढोबळ मानाने ५०० ते ८०० किलोमीटर. रोज अडीच-तीन किलोमीटर चाललात तर महिन्याला ७५ ते ९० किलोमीटर होतात, म्हणजे साधारण सहा ते दहा महिने. वरून बूट नवाकोरा दिसतो, आतला फोम मात्र बसलेला असतो. खरेदीची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. टेबलावर ठेवून मागून बघितल्यावर टाच एका बाजूला कललेली दिसली, तर बूट बदलायची वेळ झाली.

मोजे निव्वळ सुती असतील तर घाम धरून ठेवतात, ओला मोजा त्वचेवर घासतो आणि फोड येतो. नायलॉन-पॉलिस्टरचं मिश्रण असलेले मोजे घ्या. घासणाऱ्या जागी निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा. आलेला फोड फोडू नका, त्यावर चिकटपट्टी लावा.

स्लीपरमध्ये तळाची दहा मिनिटं चालतील, रोजची तीस नाहीत. स्लीपर पायातून सुटू नये म्हणून बोटं सतत आवळलेली राहतात आणि त्याचा ताण तळपायावर येतो. साडी नेसून चालणाऱ्यांनी साडी घोट्याच्या जरा वर नेसावी आणि खाली बिनदिक्कत बूट घालावेत. लोक दोन दिवस बघतात.

५. रस्ता

पहिल्या महिन्यात सुंदर रस्त्यापेक्षा जवळचा रस्ता निवडा. गाडी काढून बागेपर्यंत जावं लागत असेल तर पार्किंग, वाहतूक आणि बागेच्या वेळा अशी तीन निमित्तं आयतीच मिळतात. चालणं घराच्या दारापासून सुरू झालेलं बरं.

दोन रस्ते ठरवून ठेवा: एक दहा मिनिटांचा, एक तीस मिनिटांचा. एकदा वेळ लावून दोन्ही चालून बघा म्हणजे रोज हिशोब करावा लागत नाही. अंतराचा अंदाज घ्यायचा तर धावण्याच्या प्रमाणित ट्रॅकची आतली फेरी ४०० मीटर असते. दादरच्या शिवाजी पार्कची कट्ट्याकडेने एक फेरी साधारण १.२ किलोमीटर होते. सोसायटीभोवती फेऱ्या मारत असाल तर एका फेरीची पावलं मोजा. उंचीच्या साधारण ०.४१ पट म्हणजे एक पाऊल. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं पाऊल ६८ सेंटीमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला साधारण दीड हजार पावलं.

रस्त्यावरचे सापळे:

फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. मागून येणारी दुचाकी ऐकू यावी म्हणून इअरफोन लावायचाच असेल तर एकाच कानात.

डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने जात-येत राहिलात तर एक पाय सतत थोडा खाली पडतो आणि महिन्याभराने एकाच बाजूचा खुबा किंवा गुडघा बोलू लागतो. वाहनं नसलेल्या गल्लीत बाजू बदलत चला. गच्चीवर किंवा छोट्या आवारात फेऱ्या मारताना दर दहा फेऱ्यांनी दिशा उलटी करा.

टेकडी पहिल्या दोन महिन्यांत नको. पर्वतीच्या १०३ पायऱ्या किंवा वेताळ टेकडीचा चढ छातीला मानवला, तरी गुडघ्यांची कसोटी उतरताना लागते. पुढे जाल तेव्हा उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. एकांतातल्या टेकडीवर अंधारात एकट्याने जाऊ नये आणि दागिने घरी ठेवावेत, हे पुणेकरांना सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्यांना लागतं.

कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, डोळ्यांत न बघता हळूहळू बाजूला व्हा. काठी जवळ असलेली चांगली, ती उगारण्यापेक्षा मधे धरण्यासाठी. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

६. वेग

चालताना बोलता यावं, पण आरती म्हणता येऊ नये. हा झाला मध्यम वेग. आरती आरामात म्हणता आली तर जरा वेग वाढवा. दोन वाक्यं बोलतानाही धाप लागली तर कमी करा.

मोजायचं असेल तर मिनिटाला १०० पावलं. पंधरा सेकंद मोजा, २५ भरली की बरोबर. या वेगाने अर्ध्या तासात ३,००० पावलं, म्हणजे दोन किलोमीटर होतात. तरुणांचा वेग आपोआप ११०-१२० वर जातो. पहिली तीन-चार मिनिटं आणि शेवटची तीन-चार मिनिटं सावकाश. अंग गरम करण्यासाठी वेगळा व्यायाम लागत नाही.

वेग वाढवताना लांब ढांगा टाकू नका. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की टाच आपटते आणि गुडघ्याला हिसका बसतो. ढांग तेवढीच ठेवून पावलांची गती वाढवा. हात कोपरात वाकवून हलवलेत की पाय आपोआप भरभर पडतात.

गप्पांचा गट चांगला, कारण गटामुळे उठणं होतं. पण गट सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतो, आणि बऱ्याच गटांचं चालणं टपरीपाशी संपतं. ६५ किलोच्या माणसाने अर्धा तास चालून साधारण ११०-१२० कॅलरी खर्च होतात. एका वडापावमध्ये त्याच्या दुप्पट तरी असतात. वजनासाठी चालत असाल तर हे गणित डोळ्यांपुढे असू द्या. गप्पांसाठी चालत असाल तर वडापाव खा.

७. पहिले आठ आठवडे

- पहिला आणि दुसरा आठवडा: रोज १० मिनिटं. जास्त चालावंसं वाटेल, चालू नका
- तिसरा: १५ मिनिटं
- चौथा: १५ मिनिटं, पण मधली पाच भरभर
- पाचवा: २० मिनिटं
- सहावा: २० मिनिटं, मधली दहा भरभर
- सातवा: २५ मिनिटं
- आठवा: ३० मिनिटं

एका आठवड्यात वेळ आणि वेग दोन्ही वाढवायचे नाहीत. म्हणूनच चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात मिनिटं तीच आहेत. पहिले दोन आठवडे फार सोपे वाटतील. दम आणि उत्साह पटकन वाढतात, पण पोटऱ्यांचे स्नायूबंध आणि तळपायाचा पडदा यांना सवय व्हायला वेळ लागतो. दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगवतं, पण त्याचं बी पहिल्या आठवड्यात पडलेलं असतं. साठीच्या पुढे असाल किंवा वजन बरंच जास्त असेल तर प्रत्येक टप्पा दोन आठवड्यांचा करा. सलग जमत नसेल तर दोन वेळा १० मिनिटं चाला, तीही मोजली जातात.

रात्रीची शतपावली या वेळापत्रकात धरू नका, पण सोडूही नका. जेवणानंतर १०-१५ मिनिटं सावकाश चालल्याने जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. बाकी सगळं फसलेल्या दिवशी हीच तुमची तळाची दहा मिनिटं होऊ शकते.

८. नोंद

कालनिर्णय भिंतीवर असतोच. चाललात की त्या चौकोनात फुली. तळावर भागवलं असेल तर तिरकी एकच रेघ. किलोमीटर, पावलं, वजन काही लिहू नका. वजन दोन आठवड्यांत हललं नाही की लोक चालणंच सोडतात, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत काट्यापासून लांब राहा.

कॅलेंडरचा खरा उपयोग पुढचं पान उलटण्यात आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला अडचणीचे दिवस शोधा: गणपतीचे दिवस, नवरात्राचे उपास, लग्नाची तिथी, मुलांची परीक्षा, प्रवास. त्या तारखांवर तळाची रेघ आधीच फिक्या पेनाने मारून ठेवा आणि कधी चालणार ते दोन शब्दांत लिहा: ‘हॉलभोवती, जेवणाआधी’. रोजे असतील तर इफ्तारनंतरची वेळ लिहा. गावाला जाताना बूट बॅगेत आधी टाका, कपडे नंतर.

फोनवर पावलं मोजत असाल तर फोन हातगाडीच्या किंवा ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवून चालू नका आणि बॅटरी वाचवण्याची सोय चालू असताना आकडा कमी दिसला तर वैतागू नका.

९. कुठलं दुखणं चालवून घ्यायचं

दोन्ही पाय सारखे जड होणं, पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटणं आणि एक-दोन दिवसांत ते जाणं हे नेहमीचं. बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल तर थांबून बघायला हवं.

*टाच.* सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पाच-दहा पावलं कळ येते आणि मग कमी होते. तळपायाचा पडदा दुखावल्याची ही खूण. आठवडाभर तळाच्या दहा मिनिटांवर या. घरातही फरशीवर अनवाणी न फिरता मऊ चप्पल घाला. भिंतीला हात टेकून एक पाय मागे सरळ, टाच जमिनीला, ३० सेकंद. प्रत्येक पायाला तीनदा, दिवसातून दोन वेळा. पाण्याची बाटली गोठवून तळपायाखाली पाच मिनिटं फिरवा. हे दुखणं चिवट असतं, आठवडे घेतं. दुर्लक्ष केलं तर महिने.

*नडगी.* पुढच्या हाडालगत दुखतं. कारण बहुधा अचानक वाढवलेला वेग, चढ किंवा सिमेंटचा रस्ता. वेग उतरवा आणि जमलं तर मातीवर चाला. हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

*गुडघा.* आधीपासून झीज असेल तरी सपाटीवर सावकाश चालणं बहुतेकांना मानवतं. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलट धरतात.

*पोटरी.* दोन तक्रारींना घरगुती उपाय नाही. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी आवळते, थांबल्यावर दोन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की परत आवळते: विशेषतः तंबाखू-सिगारेटची सवय किंवा मधुमेह असलेल्यांत हे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

*मधुमेह.* इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून तीन चमचे साखर खा, १५ मिनिटं बसा, बरं वाटल्याशिवाय पुढे जाऊ नका. ७० च्या खालची साखर ही कमी साखर. रोज आल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. संवेदना कमी झाल्या असतील तर खडा टोचलेला कळत नाही, म्हणून बूट घालण्याआधी उलटा करून झटका.

१०. तीन ऋतू

सगळ्यांत जास्त सवयी पावसाळ्यात मोडतात. छत्री घेऊन निघू, असं ठरवून भागत नाही. शेवाळ धरलेली शहाबादी फरशी आणि पेव्हर ब्लॉक पावसाळाभर घसरडे असतात. पाऊस असेल तेव्हा कुठे चालायचं ते मे महिन्यातच शोधून ठेवा: इमारतीचा स्टिल्ट पार्किंगचा भाग, लांब व्हरांडा, देवळाचा सभामंडप, उड्डाणपुलाखालची मोकळी जागा, मॉल उघडल्याउघडल्याचा तास. काहीच नसेल तर घरातल्या घरात हॉल ते स्वयंपाकघर, दहा मिनिटं. दिसायला विनोदी आहे, पण कॅलेंडरवर रेघ पडते.

तुंबलेल्या पाण्यात चालायला जाऊ नका, खाली उघडं गटार असू शकतं. नाइलाजाने त्यातून यावं लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार) प्रतिबंधक गोळीबद्दल एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना विचारा, ताप येण्याची वाट बघू नका. भिजलेल्या बुटातलं आतलं अस्तर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बोळे बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ ठेवल्यास गोंद सुटतो. दोन जोडांची गरज नेमकी इथेच लागते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उजाडताच निघा आणि सातपर्यंत घरी या. संध्याकाळी ऊन गेलं तरी डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात, त्यामुळे जेवणानंतरची वेळ बरी. निघण्याआधी एक पेला पाणी प्या. अर्ध्या तासासाठी बाटली लागत नाही, पण एप्रिल-मेमध्ये जवळ असू द्या. कोकण-गोव्यात पारा कमी दिसला तरी दमट हवेत घाम वाळत नाही. तिथे वेग कमी करा, वेळ तीच ठेवा.

थंडीत शहरांतली पहाटेची हवा शुद्ध असते हा समज सोडून द्या. गार हवा खाली बसते, धूर आणि धूळ तिच्यातच अडकून राहते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याच्या शेकोट्या असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक बघा. २०० च्या वर असेल तर दमा आणि हृदयविकार असलेल्यांनी घरात चालावं. ३०० च्या वर गेल्यास सगळ्यांनीच. दिवाळीत फटाक्यांच्या पहाटेलाही हाच नियम. थंडीत ऊन वर आल्यावर निघालात तर हवाही बरी मिळते आणि दोन क्रमांकात सांगितलेली अंधाराची अडचणही उरत नाही.

११. मोठा खंड पडला तर

ताप असताना चालू नका. ताप उतरल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, मग तळाची दहा मिनिटं. डेंग्यू, चिकनगुनिया किंवा न्यूमोनियानंतर मात्र डॉक्टरांना विचारून.

आठवडाभराचा खंड असेल तर सोडलं तिथून निम्म्या वेळेने सुरू करा आणि चार-पाच दिवसांत पूर्ववत या. दोन ते चार आठवडे गेले असतील तर वेळापत्रकातल्या तिसऱ्या आठवड्यापासून. त्याहून जास्त असेल तर पहिल्यापासून, मग त्याआधी तुम्ही दोन वर्षं रोज चालत असलात तरी. सुरू करायला सोमवार, एक तारीख किंवा पाडवा शोधू नका. आज गुरुवार असेल आणि रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, तर बूट घाला आणि पाच मिनिटं चालून वळा.